मोरीचं बियाणं कोण राखणार?

वाचकहो, घाटावरून नव्यानेच बदली होऊन आलेल्या ग्रामसेवकाला कुणी सांगितलं की 'आज मोरी ताजी आहे, घेऊन जा', तर तो बिचारा चक्रावून जाईल. त्याच्या गावी मोरी म्हणजे नहाणीघर, नाहीतर रस्त्याखालचा नाला. आपल्याकडे मोरी म्हणजे मासा. मुंबई-रायगडकडे याच माशाला मुशी म्हणतात, इंग्रजीत शार्क. शार्क म्हटलं की सिनेमातला माणूस गिळणारा राक्षस डोळ्यांपुढे येतो. पण आपल्या टोपलीत येणारी मोरी हातभर लांबीची, राखाडी पाठीची, पांढऱ्या पोटाची आणि गवंड्याच्या थापीसारख्या चपट्या तोंडाची असते. माणसाला तिच्यापासून धोका नाही, तिला मात्र माणसापासून आहे.

शेतीच्या पानावर मासळीचा विषय कशाला, असं कणकवली-वैभववाडीच्या शेतकरी बंधूंना वाटेल. त्याला कारणं दोन. एक म्हणजे मोरीची गोष्ट ही बियाण्याची गोष्ट आहे आणि बियाण्याची किंमत तुम्हाला समजावून सांगायला नको. दुसरं म्हणजे ज्या उथळ पाण्यात ही जात वाढते, ते पाणी तुमच्याच ओहोळ-नद्यांतून खाली येतं. तेव्हा हा लेख मच्छीमारांइतकाच तुमच्यासाठीही आहे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी या मंडळींसाठी तर तो आहेच.

टोपलीतली पिल्लं

मध्यंतरी मालवणच्या मासळी बाजारात गेलो होतो. एका मावशीपुढे मोऱ्यांचा वाटा लावलेला. एकेक मोरी वीतभरही नव्हती. म्हटलं, "मावशे, इतकी बारकी मोरी कशाक आणलंस?" तर म्हणाली, "बारकी म्हणानच गोड, बाबा. बाळंतिणीक ह्याच्यापेक्षा चांगला काय नाय."

मावशीचं काही चुकलं नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालायची रीत आपल्याच नव्हे, तर देशाच्या बऱ्याच किनारपट्टीवर आहे. मोरी स्वस्त, बिनकाट्याची आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही खाता येणारी. तिच्या अंगात खरं हाडच नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा मऊ हाडाचा. गरिबाच्या ताटातला हा मासा आहे. म्हणूनच तो टिकला पाहिजे, आणि टिकवायचा तर तो वाढतो कसा हे आधी कळायला हवं.

गाईसारखी वार असलेला मासा

बांगडा, तारली हे मासे अंडी घालतात आणि मोकळे होतात. एकेक तारली हजारोंनी अंडी समुद्रात सोडते. त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या पोटात जातात, पण उरलेल्या थोड्यांवर जातीचं भागतं. भाताचं रोप जसं दाणे उधळतं तसा हा हिशेब.

मोरीचं तसं नाही. आपली ही लहान मोरी पोटात गर्भ वाढवते आणि जिवंत पिल्लं घालते. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. शार्कांच्या सगळ्या जातींत इतकं लहान अंडं दुसऱ्या कुणाचं नाही. एवढ्याशा अंड्यात गर्भाला पुरेल असा बलक कुठून असणार? म्हणून निसर्गाने दुसरी सोय केली. गर्भ काही मिलिमीटरचा होतो न होतो तोच आईच्या पोटातून त्याला पोषण सुरू होतं. त्याला नाळ असते आणि वारही असते. होय, तुमच्या गोठ्यातली गाय व्याल्यावर जिची तुम्ही काळजीने वाट बघता, तीच वार. काही मोठ्या शार्कांनाही वार असते, पण या लहान मोरीची वार सगळ्या शार्कांत प्रगत मानली जाते.

गर्भ पोटात पाच-सहा महिने वाढतो. मग एका वेताला साधारण सहापासून अठरापर्यंत पिल्लं होतात. जन्मताना पिल्लू १२ ते १५ सेंटिमीटरचं, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. मादी एक-दोन वर्षांत वयात येते, तेव्हा ती फूटभराहून थोडी मोठी असते. आयुष्य पाच-सहा वर्षांचं. आता हिशेब तुम्हीच मांडा. वेत वर्षाला एक धरलं आणि पिल्लं सरासरी बारा-तेरा धरली, तर जगली-वाचली मोरी सबंध आयुष्यात पन्नास-साठ पिल्लं देईल. तारलीची हजारो अंडी कुठे आणि ही पन्नास-साठ कुठे!

म्हणजे मोरी हा मासा असला तरी तिचा हिशेब शेताचा नाही, गोठ्याचा आहे. शेतातलं पीक एक वर्ष बुडालं तर पुढच्या वर्षी पेरता येतं. गोठ्यातल्या गाभण गाई आणि वासरं विकून टाकली तर गोठा उभा करायला किती वर्षं लागतात, हे शेतकऱ्याला विचारा. बाजारात वीतभर मोऱ्यांचा वाटा लागतो, तेव्हा आपण वासरं विकत असतो.

मोठ्या आधी गेल्या

तरीही ही लहान मोरी शार्कांमध्ये भराभर वाढणारी जात आहे. म्हणून ती अजून टोपलीत दिसते. तिच्या मोठ्या बहिणींचे हाल याहून वाईट आहेत. काळ्या टोकाच्या परांची मोठी मोरी घ्या. तिचा गर्भ दहा-बारा महिने वाढतो, एका वेताला पिल्लं बहुधा चार ते सात, आणि वेत एक वर्षाआड. शिवाय मादी वयात यायलाच काही वर्षं जातात. हातोड्यासारख्या डोक्याच्या मोठ्या मोरीची तर जगभर इतकी पीछेहाट झाली की आययूसीएन या निसर्गरक्षण संस्थेने २०१९ मध्ये तिच्या एका मुख्य जातीला नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या वर्गात टाकलं. आपल्या लहान मोरीला त्याच संस्थेने २०२० मध्ये 'धोक्याच्या जवळ' असा शेरा दिला. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, पण निवांत बसण्याइतकी ती हातातही नाही.

बंदरावरच्या जुन्या मंडळींना हे सांगायला आययूसीएन लागत नाही. पूर्वी दोन माणसांनी खांद्यावरून आणावी अशी मोरी कधी आणली होती, हे त्यांना नीट आठवतं. अशा आठवणी कुणीतरी लिहून ठेवायला हव्यात.

एकोणतीस चौरस किलोमीटरचं कुंपण

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे सागरी अभयारण्य आहे ना, मग चिंता कशाला? आहे खरं. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. शेतकऱ्याच्या भाषेत साधारण सात हजार दोनशे एकर. त्यातलं सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं गाभा क्षेत्र अवघं ३.१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आठशे एकरांनाही कमी. एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं.

शिवाराला निदान बांध तरी असतो. समुद्रात बांध नाही आणि मोरीला सात-बारा वाचता येत नाही. आज ती अभयारण्यात, तर उद्या देवगडच्या पाण्यात. मोठी मोरी तर याहून कितीतरी लांब जाते. मग एवढ्याशा कुंपणाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो मोरीच्या सवयी बघून केला तर. किनाऱ्यालगत राहणाऱ्या कितीतरी शार्क जातींची पिल्लं सुरुवातीचे दिवस उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या आडोशाला काढतात. तिथे मोठे मासे कमी येतात, आणि जवळा, कोळंबी, बारकी मासळी असं खाद्य भरपूर मिळतं. आपली लहान मोरीही उथळ किनाऱ्याची आणि नदीमुखांची रहिवासी. हा तिचा पाळणा. मोरी आयुष्यभर राखता येणार नाही, पण पाळणा राखता येईल.

याचा दाखला दूरचा आहे, पण बोलका आहे. अमेरिकेजवळच्या बहामा देशात बिमिनी नावाची चिमुकली बेटं आहेत. तिथल्या कांदळवनाच्या उथळ पाण्यात लेमन शार्क नावाची जात पिल्लं घालते. शास्त्रज्ञांनी १९९५ पासून तिथल्या पिल्लांच्या अंगात बारीक खूणचिठ्ठी बसवून आणि त्यांच्या रक्ताच्या नात्याची तपासणी करून वर्षानुवर्षं नोंद ठेवली. २०१३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तिथे जन्मलेल्या काही माद्या चौदा ते सतरा वर्षांनी त्याच बेटांवर बाळंतपणाला परत आल्या. लेक माहेरी यावी तशा. बहामा सरकारने २०११ मध्ये आपल्या सगळ्या पाण्यात शार्क पकडायला बंदी केली. पण त्याआधी त्याच बिमिनीत बांधकामासाठी उथळ पाण्याचा तळ उपसला गेला, तेव्हा पहिल्या वर्षात जगणाऱ्या पिल्लांचं प्रमाण घटल्याचं दिसलं होतं. जाळं लावलं नाही तरी पाळणा मोडला की पिल्लं मरतात, हा त्यातला धडा.

आपल्या खाड्यांतला वाळूउपसा आठवा. कुठे परवान्याचा, कुठे बिनपरवान्याचा, रात्रीचा. मंडळी, तो फक्त महसुलाचा आणि रस्ते खराब होण्याचा प्रश्न नाही. खाडीच्या तोंडाचा तळ उपसला की तिथली चिखलातली जिवावळ जाते आणि तिच्यावर जगणारी पिल्लंही जातात.

वेळेची बंदी पुरत नाही

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ती चांगलीच आहे. पण मोरीसाठी ती पुरत नाही, आणि का पुरत नाही हे वर सांगितलेल्या गोष्टींतच आहे. ज्या माशाचा विणीचा हंगाम ठरलेला असतो, त्याला हंगामी बंदीने आधार मिळतो. लहान मोरीच्या गाभण माद्या मात्र वर्षभर सापडतात. तिला दोन महिन्यांची रजा देऊन भागत नाही. तिला राखीव काळ नको, राखीव जागा हवी. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. कुठल्या खाडीच्या तोंडाशी, कुठल्या खडपाच्या आडोशाला वीतभर मोऱ्या जास्त मिळतात, ती जागा ठरवा आणि तेवढी सोडून द्या.

पण ही जागा ठरवणार कोण? मुंबईत बसलेला साहेब? त्याला ती ठाऊक असणं शक्य नाही. ती ठाऊक आहे रोज पहाटे होडी लोटणाऱ्याला. आणि इथेच १९८७ पासूनची गाठ पडलेली आहे. अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध राहिला. "आमका कोणी इचारल्यान काय?" हा त्यांचा प्रश्न आजही कानावर येतो, आणि तो खोटा नाही. ज्याच्या पोटावर बंदी येणार, त्यालाच न विचारता आखलेली रेघ पाण्यावरचीच रेघ ठरते.

कायद्याचाही हाच अनुभव आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने सगळ्याच शार्क आणि वागळ्या, म्हणजे पाकट, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकल्या. एका रात्रीत मोरी पकडणारा गुन्हेगार झाला. देशभरातून मच्छीमारांनी ओरड केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आणावी लागली. त्या दहांत व्हेल शार्क आहे, करवत मासे आहेत, आपली लहान मोरी नाही.

त्याच यादीतल्या व्हेल शार्कची गुजरातेतली हकिगत मात्र वेगळी झाली. वेरावळ, मांगरोळ भागात हा अवाढव्य, गरीब मासा यकृताच्या तेलासाठी मारला जाई. २००१ मध्ये बंदी आली. पण फरक पडला तो २००४ पासून, जेव्हा तिथे गावोगाव मोहीम निघाली. कथाकार मोरारीबापूंनी लोकांना पटवलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. पुढे वनखात्याने फाटलेल्या जाळ्याची भरपाईही द्यायला सुरुवात केली. तिथल्या मच्छीमारांनी आपली जाळी स्वतः कापून आजवर शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत. जे काम नुसत्या परिशिष्टाने झालं नसतं, ते गावाने मनावर घेतल्यावर झालं.

आपण काय करायचं?

पहिलं काम ग्रामपंचायतीचं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमच्या कपाटातली ती वही एकदा काढून बघा. त्यात आंबा-काजू असेल, वड-पिंपळ असेल. मोरीची एक ओळ तरी आहे का? किनाऱ्यावरच्या गावाच्या वहीत मासळीचं पान कोरं असेल, तर ती वही गावाची नव्हे, कुठून तरी उतरवून घेतलेली आहे.

दुसरं काम मच्छीमार सोसायट्यांचं. बंदरावर एक साधी वही ठेवा. आज किती मोऱ्या आल्या, किती वीतभर होत्या, किती गाभण होत्या, कुठल्या पाण्यात मिळाल्या. चार रकाने पुरेत. दोन-तीन वर्षांत पाळणा कुठे आहे ते वहीच सांगेल. मग त्या जागेवर बारीक आसाचं जाळं लावायचं नाही, असा ठराव सोसायटीने आणि ग्रामसभेने मिळून करावा. गावाने स्वतः केलेला ठराव गाव पाळतं.

तिसरं काम जाळ्याचं. ट्रॉलच्या शेपटाशी चौकोनी आसाचा तुकडा लावला की बारकी मासळी निसटून जाऊ शकते. दुसऱ्या बाजूने, जाळ्यात किंवा गळाला लागलेलं मोरीचं पिल्लू जिवंत असेल तर ते तिथेच पाण्यात सोडा. बाजारात त्याला मिळून किती मिळणार?

चौथं काम शेतकऱ्याचं. आंब्यावरची फवारणी आटपली की पंप आणि डबे ओहोळात धुऊ नका. डोंगरउतारावरची माती पावसात वाहून जाऊ देऊ नका. त्यात तुमचंही नुकसान आहे आणि खाडीचंही. खाडीकाठच्या जमिनीत कांदळवन असेल तर ते तोडू नका, मातीचा भराव टाकू नका. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केलेलीच आहे. पण कोर्टाचा हुकूम रोज खाडीवर पहारा देत नाही. पहारा तलाठी आणि गावकरीच देऊ शकतात.

आता छोट्या मच्छीमाराचा आक्षेप. तो म्हणेल, "आम्ही दहा पिल्लं सोडली आणि रात्री मोठ्या ट्रॉलरने येऊन टोपल्या भरून नेल्या, तर आमच्या सोडण्याला अर्थ काय?" आक्षेप शंभर टक्के खरा. २०२१ मध्ये राज्याने सागरी मासेमारी कायदा सुधारून एलईडी दिव्यांच्या आणि बेकायदा पर्ससीनच्या मासेमारीवरचा दंड लाखांच्या घरात नेला. आता त्याची अंमलबजावणी दिसली पाहिजे. रापणीवाल्याला आणि छोट्या गिलनेटवाल्याला नियम सांगायचा आणि मोठ्याकडे काणाडोळा करायचा, हा न्याय नव्हे. सरकारने आधी मोठ्यांना आवरावं, ही मागणी आम्हीही करू. पण ती मागणी करताना आपल्या हातात सोसायटीची वही आणि ग्रामसभेचा ठराव असेल, तर बोलण्याला वजन येतं. रिकाम्या हाताने केलेल्या मागणीला साहेब चहा पाजून वाटेला लावतो.

भरपाईचंही बोलायला हवं. संरक्षित यादीतला जीव जाळ्यात अडकला आणि तो सोडताना जाळं फाटलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ मध्ये आली. लहान मोरी त्या यादीत नाही आणि ती तिथे असावी असंही माझं म्हणणं नाही. ती यादीत गेली तर गरिबाच्या ताटातून जाईल. पण राखीव जागा सोडल्यामुळे ज्याचं नुकसान होईल, त्याला जाळ्यासाठी, डिझेलसाठी काहीतरी हातभार मिळायलाच हवा. गावाने जागा सोडायची आणि सरकारने हात झटकायचे, असं चालणार नाही.

वाचकहो, मोरी खाऊ नका असं सांगायला मी बसलेलो नाही. मलाही ती आवडते. उद्या माझ्याही घरी बाळंतीण असेल आणि तिच्यासाठी मी मोरी शोधत बाजारात जाईन. ती तिथे मिळावी एवढ्यासाठीच हा खटाटोप. मिरग जवळ आला की शेतकऱ्याच्या घरात कितीही ओढाताण असली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाहीत. पोरं उपाशी झोपली तरी ते भात शिजत नाही. समुद्रातही एक कणगी आहे, खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या सावलीत. तिच्यावर कुणाचं नाव नाही, म्हणून तिला कुणीही हात घालतं. येत्या ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारा: आपल्या गावाची ती जागा कुठली, आणि ती राखणार कोण?